खाज थांबली, म्हणजे बरे झाले का?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या घराघरांत दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. एक, गॅलरीतून दिवाणखान्यात आलेल्या दोऱ्या आणि त्यांवर तीन-तीन दिवस न वाळलेले कपडे. दुसरी, औषधांच्या डब्यात पडलेली, खालच्या टोकाकडून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब. ही ट्यूब कोणी आणि कोणासाठी आणली, हे बहुधा कोणालाच नीट आठवत नसते. शेजारच्या काकांना गुण आला होता, औषधाच्या दुकानात मागितली आणि मिळाली, मागच्या वर्षी डॉक्टरांनी धाकट्याला लिहून दिली होती, असे काहीतरी तिचे कूळ सांगता येते. खाज सुटली की ट्यूब निघते, दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब पुन्हा डब्यात जाते. महिन्याभराने तीच खाज आणि तोच चट्टा परत येतो, आता थोडा अधिक पसरलेला.

त्वचेच्या संसर्गांत आपण खाजेवर फार विसंबतो. ती थांबली की रोग गेला असे मानतो आणि ती राहिली की औषध वाया गेले असे ठरवतो. प्रत्यक्षात खाज ही मोठी बेभरवशाची साक्षीदार आहे. नायट्यात ती थांबते, पण रोग आत वाढत असतो. खरजेत रोग गेलेला असतो, पण ती मागे रेंगाळते. आणि ज्या संसर्गात खरोखर धावाधाव करायला हवी, त्यात ती बहुधा नसतेच. साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले, तर पुष्कळ त्रास टळेल. वयाबरोबर त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिला चटकन भेगा पडतात, जखम भरायला वेळ लागतो. त्यात मधुमेह असला, तर तरुणपणी जी किरकोळ बाब होती ती किरकोळ राहत नाही.

नायटा आणि ती ट्यूब

नायटा, गजकर्ण, दाद ही एकाच विकाराची नावे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केराटिन या द्रव्यावर जगणारी ही बुरशी असते. जांघ, काख, स्तनांखालची घडी, कमरेवर लेंग्याची किंवा परकराची नाडी जिथे बांधली जाते ती जागा, अशा घाम साठणाऱ्या ठिकाणी ती फोफावते. चट्टा गोलसर असतो, त्याची कड उंचावलेली, लालसर आणि खवल्यांची असते, मधला भाग मात्र निवळल्यासारखा दिसतो. ही कड हीच नायट्याची ओळख.

बाजारात मिळणाऱ्या अनेक मलमांत तीन प्रकारची औषधे एकत्र असतात: एक बुरशीविरोधी, एक जिवाणूविरोधी आणि एक स्टेरॉइड. खाज थांबवण्याचे श्रेय असते ते तिसऱ्याचे. त्वचेतला दाह हा शरीराने बुरशीशी चालवलेला लढा असतो. स्टेरॉइड तो दाह दडपते. लाली उतरते, खाज शमते, माणूस सुखावतो, आणि पहारा उठलेल्या त्वचेवर बुरशी निर्धास्त पसरते. मलम बंद केले की दाह दुपटीने उसळतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. काही महिन्यांत चट्ट्याची ती गोल कडच पुसली जाते आणि अनुभवी डॉक्टरांनाही हा नायटा आहे हे एका दृष्टिक्षेपात ओळखता येत नाही. ओळख लपवून वावरणारा नायटा असे या स्थितीचे वर्णन वैद्यकात केले जाते. शिवाय दीर्घकाळ स्टेरॉइड लागलेली त्वचा कागदासारखी पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट-लालसर पट्टे उमटतात, आणि वृद्धांमध्ये तर नुसता धक्का लागला तरी तिथे काळे-निळे डाग पडतात.

म्हणून एक काम आजच करा. घरातल्या सगळ्या ट्यूब काढा आणि भिंग घेऊन त्यांवरचा बारीक मजकूर वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्या मलमात स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही नावे बुरशीविरोधी औषधांची. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमॅझोल ही नावे कानाला सारखी वाटतात, पण त्यांचे काम एकमेकांच्या अगदी उलट आहे. स्टेरॉइड मलम हे विष नव्हे. इसब किंवा सोरायसिस यांसारख्या विकारांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र ते नायट्यावर लावायचे नाही.

हा प्रकार इतका बोकाळला की देशभरातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. तरीही दुकानात जाऊन ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की काय मिळते, हे आपण सारे जाणतो. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे, पण मागणारे आपणच असतो.

याच काळात भारतातल्या नायट्याचे रूपही बदलले. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने बरा होणारा हा आजार आता चिवट झाला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधील रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीचे वर्णन ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या नव्या नावाने केले. नावातच ‘इंडो’ आहे, आणि हा काही मिरवण्याजोगा मान नव्हे. या बुरशीवर टर्बिनाफिन हे आजवरचे हुकमी औषध अनेकदा चालत नाही. ज्या विकराला ते औषध अडवते, त्याच्या जनुकात बदल करून बुरशीने त्याला चकवले आहे. मे २०२३ मध्ये अमेरिकेने न्यूयॉर्कमधल्या आपल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांसाठी ती बातमी होती. आपल्याकडच्या डॉक्टरांना ती रोजच्या ओपीडीतून आधीच ठाऊक झाली होती.

उपचार कसा असतो? चट्ट्यातील खवले खरवडून, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे तंतू दिसतात. तपासणी साधी आणि कमी खर्चाची आहे, पण आधीपासून मलमे लावलेली असतील तर ती फसू शकते. चट्टा लहान असेल तर नुसते बुरशीविरोधी मलम पुरते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन बोटे अंतरापर्यंत लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचे. इथेच बहुतेकांचा संयम सुटतो. चट्टे मोठे किंवा अनेक असतील तर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोलच्या गोळ्या काही आठवडे, क्वचित काही महिने, घ्याव्या लागतात.

वृद्ध वाचकांनी या गोळ्यांविषयी अधिक सावध असावे. इट्राकोनॅझोल हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांना सहसा देत नाहीत. कोलेस्टेरॉलसाठीची काही औषधे, विशेषतः सिम्वास्टॅटिन, तसेच रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, यांच्याशी त्याचे पटत नाही. सोबत घेतल्यास त्यांचा परिणाम धोकादायक रीतीने वाढू शकतो. उलट, आम्लपित्ताच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू असतील, तर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही आणि महागडे औषध फुकट जाते. यकृताचा जुना आजार असेल तर टर्बिनाफिनपूर्वी तसे सांगायला हवे. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या, साखरेच्या आणि पित्ताच्या गोळ्यांची यादी न्यावी. ‘त्याचा याच्याशी काय संबंध’ असे मनात आले तरी न्यावी.

घरगुती उपायांबद्दल विचारणा नेहमी होते. ठेचलेली लसूण, चुना, रॉकेल यांनी नायटा जात नाही, कातडी मात्र भाजते. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केल्यास सहसा अपाय नाही, पण तेवढ्याने नायटा हटेल अशी आशा धरू नये. त्यापेक्षा टॉवेल वेगळा ठेवणे, अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात टाकणे, पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवून घालणे, हे अधिक कामाचे. आणि घरात दोघातिघांना खाज असेल तर सर्वांचे उपचार एकाच वेळी. एकट्याने औषध घेतले तर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

जाता जाता एक आठवण. बुरशीशी चाललेल्या या लढ्यात पुणे परिसराचा वाटा जुना आहे. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या सुमारास एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध मिळवले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘हॅमायसिन’ असे नाव मिळाले, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या नावात ‘पिंप्रिना’ म्हणून आपली पिंपरी जाऊन बसली. एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला मारण्यासाठी जे रसायन बनवतो, ते आपण औषध म्हणून उसने घेतो. समोरचाही स्वस्थ बसत नाही, हे आता नायट्याने दाखवून दिले आहे.

चिखल्यांपासून धाव­ऱ्यापर्यंत

पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, कातडी पांढरी आणि ओलसर होते, सोलते, तिला वास येतो. या चिखल्या. लहानपणी सर्वांनाच कधी ना कधी झालेल्या असल्याने त्यांच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही. पण मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना त्या खाजतही नाहीत, दुखतही नाहीत. बेचक्यातली ती बारीकशी भेग म्हणजे जिवाणूंना आत येण्यासाठी उघडे राहिलेले दार.

त्या दाराने स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू आत शिरले की जे घडते त्याला आपल्याकडे ‘धावरे’ म्हणतात. नाव किती नेमके आहे पाहा: हा संसर्ग खरोखर धावतो. सकाळी पायाला थोडी लाली असते, दुपारी थंडी वाजून ताप येतो, रात्रीपर्यंत पिंढरी लाल, गरम, ताणलेली आणि चकचकीत झालेली असते. हात लावू देत नाही इतकी दुखते. जांघेत गाठ येते. वृद्धांमध्ये कधी ताप फारसा चढतच नाही. माणूस नुसता मलूल होतो, असंबद्ध बोलू लागतो, जेवत नाही, आणि घरचे ‘वयोमानामुळे’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी पांघरूण बाजूला करून पाय पाहावेत.

इथे खाज नसते. म्हणूनच ‘खाजत नाही ना, मग उद्या बघू’ हा विचार घातक ठरतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. निघण्यापूर्वी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. रेघेपलीकडे लाली किती वेगाने जाते यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. पाय चोळू नका, तेल लावू नका, शेक देऊ नका, लेप बांधू नका. दुखणे लालीच्या मानाने फारच असह्य असेल, कातडीवर काळसर-जांभळे डाग किंवा फोड उठत असतील, रक्तदाब उतरून अंग गार पडत असेल, तर दवाखान्यात न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. असा संसर्ग क्वचित खोल मांसापर्यंत पोहोचतो आणि मग प्रश्न तासांचा असतो.

एरवी प्रतिजैविकांनी धावरे चांगले बरे होते. सौम्य असेल तर गोळ्यांनी, नाहीतर काही दिवस शिरेतून दिलेल्या औषधांनी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली किंचित वाढल्यासारखी वाटू शकते. ताप आणि दुखणे कमी होत असेल तर घाबरू नये. पाय उशांवर ठेवून हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका हाच भाग खुर्चीवर पाय सोडून दिवसभर बसणारे आजोबा टाळतात. गोळ्यांचा ठरवून दिलेला क्रम पुरा करावा. उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला होतील’ म्हणून जपून ठेवू नयेत.

दोन्ही पाय एकाच वेळी लाल झाले असतील, वर्षानुवर्षे सुजत असतील, घोट्याजवळ कातडी काळपट झाली असेल, तर ते बहुधा धावरे नसते, शिरांत रक्त साचल्याने झालेला दाह असतो. त्याला प्रतिजैविके लागत नाहीत. आणि एका पिंढरीला सूज येऊन ती दुखत असेल तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळीही झालेली असू शकते. हा फरक घरी ठरवायचा नसतो.

ज्याला एकदा धावरे झाले त्याला ते पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. प्रत्येक हल्ल्यात लसीकावाहिन्या थोड्या निकामी होतात, त्यामुळे सूज राहते, आणि सूज पुढच्या हल्ल्याला आमंत्रण देते. हे चक्र तोडण्याची जागा म्हणजे पुन्हा त्या बेचक्याच. चिखल्यांवर बुरशीविरोधी मलम लावून त्या पुऱ्या बऱ्या केल्या, भेगाळलेल्या टाचांना तेल किंवा व्हॅसलीन लावले, की दार बंद होते. बेचक्यांत मात्र तेल लावू नका. तिथे ओल नको, कोरडेपणा हवा.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पायांसाठी काढा. कोमट पाण्याने धुवा. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, हाताच्या कोपराने पाहा. जुन्या मऊ सुती कापडाने प्रत्येक बेचका टिपा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा कोणालातरी पाहायला सांगा. कुरूप ब्लेडने कापू नका. ओल्या मोज्यांत बसून राहू नका. वारीच्या दिवसांत पालखीसोबत दोन-चार किलोमीटर चालण्याची हौस असेल तर पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड असू द्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा कित्येक ज्येष्ठांना गुडघाभर पाण्यातून बाहेर पडावे लागले. असा प्रसंग आला तर घरी किंवा निवाऱ्याला पोचताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि खरचटले असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. जांघेतला चट्टा सुनेला किंवा मुलीला दाखवणे आजोबांना अशक्य वाटते. स्तनांखालची जळजळ आजी मुलाला सांगत नाहीत. त्वचेच्या कितीतरी तक्रारी या संकोचापायी महिनोन्महिने दडून राहतात. काळजी घेणाऱ्यांनी चारचौघांत विचारू नये. आंघोळीचे पाणी काढून देताना, एकांतात, सहज विचारावे. आणि ज्येष्ठांनी घरी सांगणे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांच्या खोलीत एकट्याने जाण्याचा आग्रह धरावा. त्यात काही वावगे नाही.

खरूज: उलटा अनुभव

खरजेचे नाव घेताच अजूनही माणसे ओशाळतात, जणू ती अस्वच्छतेची खूण आहे. ती तशी नाही. खरूज हा त्वचेत बोगदे करून राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतक्या लहान किड्याचा प्रादुर्भाव आहे, आणि रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही तो निकट स्पर्शातून होतो. रात्री वाढणारी खाज, हाताच्या बोटांची बेचकी, मनगटे, काखा, बेंबीभोवतीचा भाग, आणि घरात एकापाठोपाठ एक खाजवू लागलेली माणसे, ही तिची लक्षणे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून ज्याला खाज नाही त्यालाही ती झालेली असू शकते.

उपचाराचे सारे यश एका शब्दात आहे: एकदम. घरातले सर्वजण, आजारी माणसाची सेवा करायला येणारे मदतनीसही, एकाच दिवशी औषध लावतील तरच उपयोग. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायांपर्यंत, बेचक्या आणि नखांखालच्या जागाही न सोडता लावायचे आणि आठ ते चौदा तासांनी धुवायचे. वृद्धांना डोळे आणि तोंड सोडून चेहऱ्यावर आणि डोक्यालाही लावावे लागते. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याभराने हेच परत. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही देतात, पण वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. त्या दिवशीचे कपडे, चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवावेत; जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून आठवडाभर बाजूला ठेवावे. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही.

आणि आता ती उलटी बाजू. किडे मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष त्वचेत असतात आणि शरीर त्यांच्यावर चिडलेले असते. औषध लागू पडले नाही असे समजून लोक परमेथ्रिन रोज लावत सुटतात, त्याने कोरडी त्वचा अधिकच जळते आणि खाज आणखी वाढते. चार आठवड्यांनंतरही खाज असेल, किंवा नव्या पुळ्या उठत असतील, तर पुन्हा दाखवावे.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीत खरूज वेगळेच रूप घेते: हातापायांवर जाड, करड्या खपल्या आणि खाज अगदी थोडी. त्या खपल्यांत किडे असंख्य असतात. सेवा करणाऱ्या बाईंना खाज सुटली आणि आजींना ‘नुसते कोरडे कातडे’ आहे असे वाटत असेल, तर आधी आजींची तपासणी करा. अशा वेळी मदतनीस बाईंवर संशय घेतला जातो, कामावरून काढले जाते. कितीदा तरी लागण उलट दिशेने झालेली असते. त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या औषधाचा खर्च उचलणे हे माणुसकीचे तर आहेच, शिवाय तुमच्या घरातली खरूज जाण्यासाठी ते आवश्यकही आहे.

नागीण, आणि घड्याळ

नागिणीत आधी दुखते आणि मग दिसते. छातीच्या, पोटाच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला दोन-तीन दिवस आग होते, टोचते. कोणाला हृदयविकाराची शंका येते, कोणाला मुतखड्याची. नंतर त्याच पट्ट्यात पाण्याने भरलेले बारीक फोड घोसांनी उठतात. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसलेला असतो, तो वयाबरोबर प्रतिकारशक्ती उतरल्यावर जागा होतो. नागिणीने कमरेला पुरा वेढा घातला की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. हा विषाणू एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने जातो, त्यामुळे बहुधा मध्यरेषा ओलांडतही नाही.

काव लावण्यात आणि उतारा काढण्यात जो वेळ जातो, तोच मोलाचा असतो. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून तेही सांगा. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. फोड वाळल्यावरही ठसठस महिनोन्महिने राहू शकते आणि तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत. ‘आता फोड गेले, सहन करा’ असे रुग्णाला सांगू नका. पन्नाशीनंतर घेण्याजोगी लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. ती महाग आहे, पण ज्यांनी नागिणीनंतरची ठसठस सोसली आहे त्यांना तिची किंमत पटवून द्यावी लागत नाही.

राहिलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. डायपर वापरणाऱ्यांच्या जांघेत लालभडक, ओलसर चट्टा आणि त्याच्या कडेला सुटे-सुटे लाल ठिपके दिसले तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. डायपर वेळच्या वेळी बदलणे, दिवसातून दोनदा तासभर त्वचा उघडी ठेवणे आणि क्लोट्रिमॅझोल, एवढ्याने ती बरी होते. पावडरचे थर घामात भिजून उलट त्रास देतात. दुसरी गोष्ट करटाची. ते पिळू नका, विशेषतः नाकाजवळचे आणि वरच्या ओठावरचे. गळू पिकले असेल तर डॉक्टरांनी चीर देऊन पू काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आणि करटे वरचेवर होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. कित्येकांना मधुमेह आहे हे असेच प्रथम कळते.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी चट्ट्यावर काहीही लावू नका, हळदही नको. चट्टा रोज रूप बदलत असेल तर नातवाकडून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खासगी तज्ज्ञांचा खर्च झेपत नसेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जा, बसायला जागा मिळते. आणि जाताना ती डब्यातली, गुंडाळत आणलेली ट्यूब बरोबर घ्या. तिच्यावरचे नाव अर्धे पुसले गेले असले तरी चालेल. डॉक्टर रागावतील या भीतीने ती घरी ठेवू नका. चट्ट्याची कड का दिसत नाही, या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्यातच असते.